अपडेट झालं की गेम का रांगायला लागतो?

लक्षण ठरलेलं असतं. लिनक्सवरचा सुपरटक्सकार्ट, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीचा गेम, कालपर्यंत मस्त पळत होता. आज अपडेट मॅनेजरनं काहीबाही उतरवलं, मशीन रीस्टार्ट झालं, आणि आता गेम उघडतो खरा, पण मेन्यूसुद्धा अडखळत सरकतो. गाडी पहिल्या वळणावर पोचेपर्यंत पंखा घरघरायला लागलेला असतो. एरर नाही, इशारा नाही. घरात पहिलं निदान होतं ते ‘रॅम कमी पडतेय’. दुसरं, ‘लिनक्सवर गेम चालतच नाहीत’. दुकानात विचारलं तर तिसरं मिळतं: नवं मशीन घ्या.

या लक्षणाला ही तिन्ही निदानं सहसा लागू पडत नाहीत. गेम तोच आहे, रॅमही तीच आहे. चित्र काढायचं काम मात्र ग्राफिक्स कार्डाच्या हातून सुटून प्रोसेसरच्या गळ्यात पडलंय. ते का सुटलं हे शोधून तिथेच बंदोबस्त केला नाही, तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागाच्या, पुढच्या अपडेटला हाच खेळ पुन्हा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बऱ्याच जणांनी जुन्या मशीनवर मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सची रूपं टाकली. पुढचं सगळं त्या दोघांना धरून आहे. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग टाका.

चित्र काढतंय कोण?

टर्मिनल उघडा आणि ‘इन्क्सी’ टाइप करा. आय, एन, एक्स, आय ही चार अक्षरं, मग एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून कॅपिटल जी. मिंटमध्ये हे साधन आधीपासून असतं, उबुंटूत टाकून घ्यावं लागतं. जे चार-सहा ओळींचं उत्तर येईल त्यात ‘रेंडरर’ हा शब्द शोधा. बाकीच्या ओळी आत्ता वाचल्या नाहीत तरी चालतील.

रेंडररपुढे तुमच्या कार्डाचं किंवा इंटेलच्या चिपचं नाव असेल, तर हार्डवेअर कामावर आहे. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर चोर सापडला. लिनक्सवरच्या मोफत ग्राफिक्स ड्रायव्हरांचा, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा, जो मोठा संच आहे, मेसा, त्यातलाच हा एक भाग. कार्डाचा ड्रायव्हर जागेवर नसेल तर स्क्रीन काळी पडू नये म्हणून हा पुढे येतो आणि ओपनजीएलचं, म्हणजे गेम ज्या ठरलेल्या पद्धतीनं चित्रं काढायला सांगतात तिचं, सगळं काम प्रोसेसरकडून करून घेतो. डेस्कटॉप, ब्राउझर, फायली यांत फारसं जाणवत नाही. त्रिमितीय गेम लावला की सेकंदाला पाच-सात चित्रं.

आता एरर का येत नाही? तर एलएलव्हीएमपाइप हल्ली ओपनजीएल ४.५ पर्यंतचं सगळं करू शकतो. सुपरटक्सकार्टला नवं चित्रण वापरायला ३.३ लागतं. गेम सुरू होताना विचारतो, ३.३ आहे का? उत्तर येतं, ४.५ आहे. गेम खूश. वेग किती हे कोणी विचारतच नाही. म्हणूनच ‘गेम उघडतोय म्हणजे ड्रायव्हर बरोबर असणार’ या तर्काला काही अर्थ नाही. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप असेल तर लॉगिन झाल्यावर कोपऱ्यात सॉफ्टवेअर रेंडरिंगची सूचना येते. तीच आपण सगळ्यात आधी बंद करून टाकतो.

एक घोळ इथेच मिटवून टाकू. ०ए.डी. खेळताना सुरुवातीला सगळं सुरळीत असेल, आणि मौर्यांचे हत्ती नि शे-दोनशे सैनिक मैदानात उतरल्यावरच गेम जड होत असेल, तर तो हा आजार नाही. तिथे इतक्या सगळ्यांच्या वाटा आणि लढाया हिशोबात धरता धरता प्रोसेसरचा एकच गाभा दमतो. कार्ड कितीही भारी असो. लोकसंख्येची मर्यादा कमी ठेवून खेळा. आपला आजार मेन्यूपासूनच दिसतो.

जुन्या कर्नलवर जाऊन बघा

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर दुरुस्तीला हात घालण्याआधी हे करा. मशीन चालू होताना ग्रबची, म्हणजे कुठला कर्नल सुरू करायचा ते निवडायच्या मेन्यूची, यादी आणायची. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय असेल तर एस्केप एकदा दाबा. ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन वरचा सगळ्यात नवा कर्नल सोडा आणि त्याच्या खालचा निवडा. रिकव्हरी मोडवाली ओळ नको, साधी घ्या.

मशीन वर आलं की पुन्हा रेंडरर बघा. कार्डाचं नाव परत आलं आणि गेमही पळायला लागला, तर ड्रायव्हर शाबूत आहे, फक्त नव्या कर्नलसाठी तो तयारच झालेला नाही. अर्धं निदान इथेच होतं. संध्याकाळी पोरांना खेळायचंच असेल तर आज जुन्या कर्नलवर खेळू द्या आणि दुरुस्ती उद्या सावकाश करा.

जुन्या कर्नलवरही एलएलव्हीएमपाइपच दिसत असेल तर ‘नोमोडसेट’ची शक्यता तपासा. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी येत होती म्हणून कोणीतरी ग्रबमध्ये हा शब्द टाकलेला असतो. मिंटच्या पेनड्राइव्हवरच्या कंपॅटिबिलिटी मोडमध्येही तो असतो. तेव्हा त्यानं काम भागवलं, पण तो तिथे आहे तोवर बहुतेक ड्रायव्हर कार्डाला हातच लावत नाहीत. ईटीसी, त्यात डीफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल. ती उघडून शब्द काढा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा, रीस्टार्ट.

मॉड्यूल मापानं शिवलेलं असतं

इंटेल आणि एएमडीचे मोफत ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यामुळे कर्नल बदलला तरी ते बरोबर असतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा येतो. त्याचा कर्नलमध्ये बसणारा भाग, म्हणजे मॉड्यूल, त्या-त्या कर्नलच्या मापानं शिवलेला असतो. नवा कर्नल आला की तो पुन्हा शिवावा लागतो. हे काम गुपचूप करतो तो डीकेएमएस. ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा दिली की कुठल्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार आहे ते दिसतं. नव्या कर्नलचा आकडा त्या यादीत नसेल तर शिवणकाम कुठेतरी अडलंय. यादी अगदीच रिकामी असेल, तर दोनपैकी एक: उबुंटूनं आधीच तयार करून सही केलेलं मॉड्यूल तुमच्याकडे आहे, नाहीतर ड्रायव्हर बाहेरून आणून टाकलाय.

हे दुसरं प्रकरण फार घरांत सापडतं. विंडोजची सवय असते, म्हणून एनव्हिडियाच्या साइटवरून शेवटी ‘डॉट रन’ असलेली भलीमोठी फाइल उतरवली जाते. ती चालते, गेम पळतो, माणूस खूश होतो. पण टाकताना डीकेएमएसचा पर्याय घेतला नसेल, तर तो ड्रायव्हर फक्त त्या दिवशीच्या कर्नलपुरता. पुढच्या अपडेटला बोंब ठरलेली. ‘दर महिन्याला ड्रायव्हर परत टाकावा लागतो’ अशी तक्रार ऐकली की माझा पहिला संशय या फाइलवर असतो. ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ करून तो ड्रायव्हर काढा, रीस्टार्ट करा, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ‘रेकमेंडेड’ लिहिलेला घ्या. उबुंटूत हीच सोय ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ नावानं आहे. साइटवरचा आकडा थोडा पुढचा दिसेल. त्या आकड्यामागे लागू नका. घरच्या मशीनवर दर अपडेटनंतर टिकणारा ड्रायव्हर महत्त्वाचा.

शिवणकाम अडायचं आणखी एक कारण म्हणजे हेडर्स नसणं. मॉड्यूल बांधायला कर्नलची हेडर्स लागतात. मिंटच्या अपडेट मॅनेजरमधल्या ‘लिनक्स कर्नल्स’ खिडकीतून कर्नल घेतला तर ती सोबत येतात. कुठल्यातरी व्हिडिओत बघून सुटा कर्नल आणून टाकला, तर बहुधा येत नाहीत.

मग जागा. बूटचं विभाजन वेगळं आणि लहान असेल, तर चार-पाच कर्नल साठले की ते भरतं आणि नवा कर्नल अर्धवट बसतो. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ जुने कर्नल काढून टाकतं.

आणि लाइट. अपडेट निम्म्यावर आलंय आणि लाइट गेली, हे आपल्याकडे काही नवं नाही. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी बऱ्याचदा नावालाच उरलेली असते. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला ‘सुडो डीपीकेजी’ लिहून पुढे दोन वजाचिन्हं लावून ‘कॉन्फिगर’, आणि मग वजाचिन्ह लावून लहान ए. ही आज्ञा बहुतेक वेळा राहिलेल्या मॉड्यूलचं बांधकामही करून टाकते. मी तर अशा मशीनवर कर्नलची अपडेटं लॅपटॉप चार्ज असतानाच किंवा लाइट जायची वेळ टळल्यावरच घ्यायला सांगतो. आणि आधी टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिम मागे नेता येईल अशी नोंद.

सिक्युअर बूटची निळी स्क्रीन

डीकेएमएस म्हणतं मॉड्यूल तयार आहे, कर्नल म्हणतो मी घेणार नाही. ‘मॉडप्रोब’नं एनव्हिडियाचं मॉड्यूल हातानं चढवायला गेलात की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. याचा अर्थ सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चढू देणारी बायोसमधली सोय, चालू आहे आणि मॉड्यूलवरची सही मशीनला ओळखीची नाही.

ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितलेला आठवतोय? तो याचसाठी असतो. तुमच्या मशीनपुरती एक किल्ली तयार होते, तिला मॉक म्हणतात. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते आणि तिथे त्या किल्लीची नोंद करायची असते. ती स्क्रीन फक्त १० सेकंद थांबते. कुठलंही बटण दाबलं नाही की मशीन पुढे निघून जातं आणि नोंद होतच नाही. बरेच जण रीस्टार्टला लावून चहाला जातात, किंवा निळी स्क्रीन दिसली म्हणून घाबरून पॉवर बटण दाबतात.

पुन्हा करायचं तर ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी’ लिहून पुढे दोन वजाचिन्हं लावून ‘एनरोल-की’. पासवर्ड द्या, रीस्टार्ट करा आणि खुर्चीवरून उठू नका. निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मॉक’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, आणि तोच पासवर्ड. त्या स्क्रीनला अमेरिकन कीबोर्ड मांडणीच कळते, म्हणून पासवर्ड साधी अक्षरं आणि आकडे वापरून केलेला बरा.

हा आजार महिन्यांनी परत उलटतो तो दोन कारणांनी. बायोस अपडेट किंवा फॅक्टरी रीसेट झाला की ही नोंद पुसली जाऊ शकते. दुसरं कारण बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी. ती संपली की दर वेळी मुख्य स्विच बंद केल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात, आणि सिक्युअर बूट बंद केलेला असेल तर पुन्हा चालू होतो. घड्याळ सतत मागचं वर्ष दाखवत असेल तर ड्रायव्हर नंतर बघा, आधी सीआर२०३२ बदला.

सिक्युअर बूट बंदच करून टाकला तर? मशीनवर फक्त लिनक्स असेल तर माझी हरकत नाही. शेजारी विंडोज असेल तर थांबा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर तो रिकव्हरी की मागेल, ती हाताशी नसेल तर बायोसला हात लावू नका. आणि घरात कोणी विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याला सिक्युअर बूट चालूच लागतो. भांडण ओढवून घेण्यापेक्षा मॉकची नोंद सोपी.

रेंडरर बरोबर, तरी गेम रांगतोय

डोकं सगळ्यात जास्त खातो तो हा प्रकार. इन्क्सी कार्डाचंच नाव दाखवतं, एपीटीनं टाकलेला गेम पळतो, आणि फ्लॅटहब या ऑनलाइन दुकानातून फ्लॅटपॅकच्या रूपात घेतलेला तोच गेम रखडतो. फ्लॅटपॅकमधली अॅप्लिकेशनं आपापल्या बंद खोलीत चालतात, सिस्टिमवरचा एनव्हिडिया ड्रायव्हर त्यांना वापरता येत नाही. त्यांच्यासाठी ड्रायव्हरचा वेगळा रनटाइम उतरतो आणि त्याचा आकडा सिस्टिमच्या ड्रायव्हरशी दशांशापर्यंत जुळावा लागतो. सिस्टिमचा ड्रायव्हर पुढे सरकला आणि रनटाइम मागे राहिला, की त्या खोलीत एलएलव्हीएमपाइप. इन्क्सीला खोलीच्या आतलं दिसतच नाही.

उपाय एका ओळीचा: ‘फ्लॅटपॅक अपडेट’. मिंटचा अपडेट मॅनेजर हे स्वतः करू शकतो, उबुंटूवर फ्लॅटपॅक आपणच बसवलेलं असतं, तेव्हा आठवणीनं आपणच करायचं. अगदी नवा ड्रायव्हर असेल तर त्याचा रनटाइम यायला कधी थोडा वेळ लागतो.

याच्याच शेजारचं: ड्रायव्हर अपडेट केला पण रीस्टार्ट केलं नाही. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवलं की ‘ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ येतं. रीस्टार्ट करा, बाकी काही नको.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर इन्क्सी इंटेलचं नाव दाखवेल, त्यात बिघाड काही नाही. गेमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून समर्पित कार्डावर चालवायचा पर्याय घ्या. डेस्कटॉपवर कार्ड लावलेलं असून इंटेल दिसत असेल, तर कॅबिनेटच्या मागे जाऊन मॉनिटरची केबल कुठे खोचलीय ते बघा. साफसफाईनंतर ती मदरबोर्डच्या पोर्टात गेलेली असू शकते.

कार्डच म्हातारं असेल तर

ड्रायव्हर मॅनेजर काहीच सुचवत नसेल तर कार्डाचं वय बघावं लागतं. आपल्याकडच्या असेम्बल्ड मशीनांत जी कार्डं वर्षानुवर्षं स्वस्तात मिळाली, त्यांची अवस्था अशी: जीफोर्स २१० ला ३४० क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो, त्याचा सपोर्ट २०१९ अखेर संपला. जीटी ६१० ला ३९०, तो २०२२ अखेर. जीटी ७१० ला ४७०, तो २०२४ मध्ये. जीटी ७३० घेताना तर नशीबच. एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्या विकल्या गेल्या, ९६ गाभ्यांचं असेल तर ३९०, ३८४ चं असेल तर ४७०. खोक्यावर नाव एकच.

४७० वाल्यांना अजून वाट आहे. उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ चा मूळ ६.८ कर्नल धरून राहा, नव्या नव्या कर्नलांच्या मागे जाऊ नका. जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधताना अडतो, म्हणूनच दर सहा-आठ महिन्यांनी हीच रड. ६.८ ला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत.

३४० आणि ३९० वाल्यांनी मात्र तो नाद सोडावा. साइटवरून जुनी फाइल आणून, तिला कोणाचे तरी पॅच लावून बांधणं जमतंही, पण पुढच्या कर्नलपर्यंतच. मोफत नूव्हो ड्रायव्हरवर राहा, वेग बेताचा मिळेल. किंवा थेट कार्डच काढून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधलं ग्राफिक्स जीटी ६१० च्या बरोबरीनं चालतं, कधी सरसही, आणि ड्रायव्हरची कटकट कायमची जाते. मग रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या दोन चॅनलांत लावा. इंटेलचं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, एका ८ जीबीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्यांवर गेम चांगला चालतो. रॅमचा मुद्दा खरा ठरतो तो या एका ठिकाणी.

इंटेलच्या जुन्या चिपांत लिनक्सचं पारडं चक्क जड आहे. दुसऱ्या पिढीच्या एचडी २००० आणि ३००० ला विंडोजवर ओपनजीएल ३.१ च मिळालं, मेसानं त्याच चिपला ३.३ दिलं. म्हणजे सुपरटक्सकार्टचं नवं चित्रण त्याच मशीनवर विंडोजमध्ये अडतं आणि मिंटमध्ये चालतं. पर्यायांत जाऊन रेंडर रिझोल्यूशन आणि सावल्या तेवढ्या कमी करा. तिसऱ्या पिढीला मेसावर ४.२ मिळतं, चौथीला ४.६. गेम सोडून ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना हा फरक बोचतो, कारण ब्लेंडरच्या ४.० आवृत्तीपासून ओपनजीएल ४.३ लागतं. तिसऱ्या पिढीवाल्यांनी ब्लेंडरची ३.६ आवृत्ती घ्यावी, तिला ओपनजीएल ३.३ पुरतं.

राहता राहिलं कोअर टू ड्युओ आणि जी४१ चिपसेटचं मशीन. त्याच्या ग्राफिक्सची धाव ओपनजीएल २.१ पर्यंत. आवृत्तीचा आकडा फुगवून सांगणारी एक मेसाची युक्ती सर्रास सुचवली जाते. तिनं गेमची तपासणी फसते, पण चिपमध्ये नसलेली गोष्ट उगवत नाही, आणि गेम उघडून लगेच पडतो. सुपरटक्सकार्ट तिथे आपोआप जुन्या साध्या चित्रणावर उतरतो. लहान ट्रॅक आणि मोजक्याच गाड्या ठेवल्या तर खेळता येतो. बाकी त्या मशीनवर ओपनटीटीडी, वेसनॉथ असे द्विमितीय गेम टाका. त्यांना त्रिमितीय ग्राफिक्सची गरजच नाही, त्यामुळे कर्नल कितीही वेळा बदलला तरी ते चालत राहतात.